अंगणातली बाज

वाडीला आमच्या चाळीत कोपऱ्यातल्या खोलीत एक बाई राहायची. रस्त्याच्या कामावर बरीच वर्षं तिने गरम डांबर पसरलं होतं. हातांची कातडी खरखरीत, काळी पडली होती. ऊन लागलं की आग व्हायची, म्हणून बाहेर निघताना ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची. बहुतेक बोलणं ती ‘सांगून ठेवते’ म्हणूनच संपवायची.

धूळ बसावी म्हणून मालकाने एका उन्हाळ्यात चाळीच्या अंगणाला डांबराचा थर द्यायचं ठरवलं. आम्ही सगळे खूश होतो. माणसं डांबराची पिंपं घेऊन आली, तशी या बाईने आपली बाज ओढत अंगणाच्या मधोमध आणली आणि भर उन्हात तिच्यावर बसली.

मालक म्हणाला, “बाई, अंगण चांगलं होऊन राहिलं, तुम्ही काहून आडव्या येता?”

तिने पदरातले हात बाहेर काढले. “हे पाहा. इथं लेकरं रांगतात. उन्हात याचा वास घरात घुसन, पावसात हेच विहिरीत उतरन. मी उठत नाही, सांगून ठेवते.”

मी समजवायला गेलो. ती म्हणाली, “धूळ झाडता येते गा बाबू. हे झाडता येत नाही.”

दुपारपर्यंत तिचे उघडे हात उन्हाने सुजले. तेव्हा माझी आई छत्री घेऊन तिच्याशेजारी बाजेवर जाऊन बसली. मग आणखी दोघी आल्या. संध्याकाळी पिंपं परत गेली.

मालकाने तिला खोली सोडायला सांगितलं. तिने तीही सोडली नाही.