जाळीबाहेरचा प्रेक्षक

गेला रविवार, दुपारचा सामना. हजर: मी, फाटकावर संभा आणि हंगामाचे पास घेतलेले सगळे. आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाला एवढी गर्दी प्रथमच झाली होती. पासांची यादी मीच केली, पायऱ्यांवर नंबरही मीच टाकले. मैदान ओस असायचं तेव्हापासून दत्तूआबा मधल्या पायरीवर बसत. त्यांना कुणी कधी तिकीट विचारलं नव्हतं, म्हणून यादीत त्यांचं नाव घालायचं मला सुचलंच नाही.

ते जाळीबाहेर उभे दिसले.

"आबा, आत या की."

"माझ्या जागी पोरं बसल्यात न्हवं," ते हसले. "गर्दी झाली बघ लेका, झ्याक झालं!"

न ढकलताही माणूस बाहेर काढता येतो. उद्या पुन्हा सामना आहे, आणि माफी मागायला त्यांच्या घरी जायचं अजून राहिलंच आहे.