बँडवाल्यांचा वरचा हॉल

नोकरीतली बरीच प्रकरणे आता डोक्यात एकमेकांत मिसळली आहेत. कुठली चोरी बागलीची आणि कुठली उदयनगरची, हे सांगताना मी अडखळतो. देवासच्या बँडवाल्यांच्या हॉलचे प्रकरण मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या फोनपर्यंत मला लख्ख आठवते. त्यात माझीही एक चूक होती, म्हणूनही असेल. नावे मी कुणाचीच देणार नाही.

तेव्हा मी शहरातल्या एका ठाण्याचा टी.आय., म्हणजे ठाणेप्रमुख होतो. एका मंगळवारी सकाळची हजेरी आटोपून खोलीत आलो, तर बाकावर सत्तरीचे एक गृहस्थ ताठ बसलेले. पांढरा सदरा, काळी टोपी. गावात त्यांना सगळे मामा म्हणत. लग्नाच्या बँडचा त्यांचा पिढीजात धंदा. पूर्वज मराठा दरबाराबरोबर इकडे आले, नगारखान्यात वाजवत होते. संस्थान गेल्यावर घराण्याने नगारे खाली ठेवले आणि क्लॅरिनेट उचलली. आता दुकान पुतणे पाहत, आणि दुकानाच्या वर तालमीचा मोठा हॉल होता.

मी धारचा, घरी मराठी बोलणारा, हे त्यांना ठाऊक होते. दार लोटून घेत ते म्हणाले, "साहेब, आपण मराठीतच बोलू. बाहेरच्यांना कळायला नको."

"बोला मामा. काय झालं?"

"आमच्या वरच्या हॉलात रविवारी काय असतं, ते आपणास ठाऊक असेलच."

मला ठाऊक होते. ठाण्यातल्या जुन्या लोकांनाही होते. गेली तीसेक वर्षे दर रविवारी दुपारी तिथे समलिंगी पुरुष जमत. सुरुवातीला मामा आणि त्यांचे तीन मित्र होते, एक टेपरेकॉर्डर आणि एक सतरंजी. मामांनी लग्न केले नाही, आणि का नाही केले हे घरात एकदा सांगून टाकले होते. हळूहळू इंदूर, उज्जैन, धार, सतवास अशा गावांहून माणसे येऊ लागली. तीन वाजता दोन ढोलवाले पाच-दहा मिनिटे वाजवून जात, म्हणजे शेजारी समजत की तालीम सुरू झाली. मग गाणी लागत आणि ही मंडळी नाचत. दारू चालत नसे. चहा आणि शेव-परमल, म्हणजे शेव-मुरमुरे, मिळे. दिवेलागणीच्या आत हॉल रिकामा, कारण रविवारी दुपारी घरातला पुरुष कुठे गेला हे कुणी फारसे विचारत नाही, रात्री विचारतात. इंदूरच्या पोरांनी थट्टेने त्याला 'नाईट क्लब' नाव ठेवले होते आणि तेच रूढ झाले. लग्नसराईत हा क्लब बंद असे. त्या दिवसांत यातले बरेच जण कुणाच्या ना कुणाच्या वरातीत नाचत असत आणि पुढे मामांचाच बँड वाजत असे.

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "पण आता तो गुन्हा राहिलेला नाही. कोर्टाच्या निकालाला काही वर्षं झाली."

"कोर्टाचा निकाल घरोघरी कुठे लागतो, साहेब? आमचा सतवासचा एक माणूस आहे. बी-बियाण्यांचं दुकान. परवा आला, नाचला नाही, कोपऱ्यात बसला. निघताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, मामा, आता येणं होणार नाही. त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते बरं नव्हतं. त्याच्या दुकानात विषारी औषधांचे डबे असतात हो."

एवढे बोलून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तीस वर्षांत हा माणूस ठाण्याची पायरी चढला नव्हता, हे मी जाणून होतो.

त्याच दुपारी साध्या कपड्यांत हॉलवर गेलो. मामांनी फोन करून सतवासच्या त्या माणसाला बोलावून घेतले होते. चाळीस-पंचेचाळीसचा, धष्टपुष्ट, पण गालफडे बसलेली. आधी तो बोलेचना. पोलीस म्हटल्यावर त्याने भिंतीला पाठ लावली होती. मामांनी पाणी दिले, पाठीवर हात ठेवला, तेव्हा कुठे तोंड उघडले.

हॉलमधून बस स्टँडकडे जाताना एका जीपने त्याला अडवले होते. जीपवर 'पुलिस' लिहिलेले. आत एकच माणूस, तोंडाला गमछा, डोळ्यांवर काळा चष्मा. लांबूनच कार्ड दाखवले, आत बसवले, शहराबाहेर नेऊन कागदावर कबुली लिहून घेतली. तेव्हापासून फोन सुरू झाले. मुलीची सोयरीक जमली होती, पंधरवड्यावर सगाई. ठरल्याप्रमाणे पैसे पोचले नाहीत तर तो कागद मुलीच्या सासरी पोचेल, असा दम होता. त्याच्याकडे आता विकायलाही काही उरले नव्हते.

"रिपोर्ट लिहा," मी म्हणालो. "माणूस पकडतो."

त्याने हात जोडले. "म्हारो नाम मती लिखजो साब. छोरी की सगाई हे. नाम लिखाणो हे तो म्हारे मरवा दो."

असे लोक मी खूप पाहिले होते. फिर्याद द्यायला तयार नसलेल्या माणसावर माझा आवाज चढत असे. त्या दिवशीही चढणार होता. पण सवयीने मी पुढचा प्रश्न विचारला, जीपमध्ये नेमके काय काय झाले, पहिल्यापासून.

"पहला तो म्हारो पट्टो उतरायो," तो म्हणाला.

"पट्टा? कमरेचा?"

"हाँ साब. गोल लपेटी ने म्हारे डावा जूता में घाल्यो. पछे घड़ी, पछे बटवो, सगळो जूता में. पछे बोल्यो, अब बैठ."

मी त्याला हे पुन्हा सांगायला लावले. तोतया पोलीस मी डझनभर तरी पकडले असतील. ते शिव्या देतात, काठी आपटतात, कानफटात मारतात. पट्टा कुणी काढून घेत नाही. पट्टा आम्ही काढतो, तोही कोठडीत घालण्याआधी, आत माणसाने स्वतःच्या जिवाचे काही बरेवाईट करू नये म्हणून. ज्याला फक्त पैसे उकळायचे आहेत त्याला समोरच्याच्या जिवाची काळजी कशाला असेल? हे काम हाताला वळण पडलेल्या माणसाचे होते.

आणि डावा बूट. ते वळण कुठले, हेही मला माहीत होते. नोकरीच्या सुरुवातीला मी जंगलपट्ट्यातल्या एका ठाण्यात होतो. तिथे जप्त चीजवस्तू ठेवायला धड कपाट नव्हते, म्हणून एका जुन्या मुंशीने, म्हणजे ठाण्याच्या कारकुनाने, पद्धत पाडली होती: ज्याचे सामान त्याच्याच डाव्या बुटात, म्हणजे अदलाबदल नको. मी स्वतः तसेच करायला शिकलो होतो. दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात मी ही पद्धत पाहिली नाही.

त्या हॉलमध्ये बसल्या बसल्या मला आठवले, त्या ठाण्यातून आलेला एक माणूस माझ्या हाताखालीच होता.

नुसत्या संशयावर कुणाचे नाव घ्यायचे नाही, हा नियम मी पाळला. सेवापुस्तके मागवली. त्या ठाण्यात नोकरी केलेले आणि आता शहरात असलेले तिघे निघाले. एक पाय मोडून दोन महिने घरी होता. एक ट्रेनिंगसाठी भोपाळला होता. तिसरा माझा हवालदार, ठाण्याचा मुंशी. पाच वर्षे माझ्यासोबत, रोजनाम्याची नोंद कधी चुकवली नाही. माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभा राहिला होता.

गुरुवारी दुपारी बस स्टँडवर धिंगाणा घालणाऱ्या एकाला शिपाई घेऊन आले. मी मुंशीला म्हणालो, "आज झडती तुम लो." एरवी हे काम शिपायाचे. तो उठला, त्या माणसासमोर उकिडवा बसला. पट्टा काढला, गोल गुंडाळला आणि त्याच्या डाव्या बुटात घातला. मग घड्याळ. मग पाकीट. त्याचे लक्ष माझ्याकडे नव्हतेच, तो पलीकडच्या शिपायाशी क्रिकेटबद्दल बोलत होता. मी खुर्चीत बसून बघत राहिलो. काय वाटले ते सांगतो: रडू आले होते, पण ठाण्यात बसून रडता येत नाही.

कोर्टात मात्र बूट आणि पट्टा चालत नाही. तिथे फिर्यादी लागतो. संध्याकाळी पुन्हा हॉलवर गेलो आणि मामांना सांगितले की माणूस कोण ते कळले आहे, पण सतवासवाल्याने नाव दिल्याशिवाय हात बांधलेले आहेत.

मामा म्हणाले, "माझं नाव लिहा."

"तुमचं कसं लिहू? घटना तुमच्यासोबत व्हायला हवी."

"झाली आहे. मलाही बसवलं होतं त्या जीपमध्ये, गेल्या महिन्यात. पट्टा नव्हता, नाडी होती, तीसुद्धा काढायला लावली. या वयात एका हाताने पायजमा धरून बसलो होतो साहेब."

"मग पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"म्हटलं, माझं चालून जाईल. त्या पोराचं चालणार नाही."

मी त्यांना स्पष्ट कल्पना दिली. फिर्याद संवेदनशील म्हणून नोंदवून ऑनलाइन चढू देणार नाही. तरी गाव लहान, बातमी फुटणारच. पुतण्यांचा धंदा आहे, उद्या लोक लग्नाचा बँड ठरवताना काय म्हणतील? मामांनी खाली दुकानात जाऊन पुतण्यांना विचारले. थोरला वर आला आणि मला म्हणाला, "भिया, काका का जो डिसीजन है वो अपना भी. बँड वाजवायचा की नाय ते लोक ठरवतील, अपन काकांना अडवणार नी."

स्वतःच्या माणसाचा तपास स्वतः करायचा नसतो. मी एस.पी. साहेबांना लेखी कळवले, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे काम गेले. मुंशीच्या क्वार्टरची झडती झाली आणि गव्हाच्या कोठीत अकरा जणांच्या कबुल्या सापडल्या. चौकशीच्या वेळी दहा मिनिटे मला त्याच्याशी बोलू दिले. मी एवढेच विचारले, "क्यों?"

"सर, ये लोग रिपोर्ट करने थोड़े ही आते," तो म्हणाला. जणू साधा हिशेब समजावून सांगत होता.

"हॉल का पता किससे चला?"

तो जरा घुटमळला. "आप ही के टेबल से, सर. वो गुमनाम चिट्ठी आई थी ना. आपने लिखा था, नस्तीबद्ध. फाइल मैंने ही की थी."

ही माझी चूक. दीड वर्षापूर्वी हॉलविरुद्ध निनावी पत्र आले होते, कुणाकुणाच्या नावागावासकट. गुन्हा काही नाही, उगीच लोकांना त्रास नको, म्हणून मी ते दप्तरी दाखल करायला सांगितले आणि मोठा उदार झाल्याच्या थाटात विसरून गेलो. ते पत्र कुणाच्या हाती पडेल हे मी पाहिले नाही. ज्यांची नावे त्यात होती त्यांना सावध केले नाही. छापा घातला नाही यालाच मी संरक्षण समजत होतो.

मुंशी पुढे बडतर्फ झाला, त्याला शिक्षाही झाली. सतवासवाल्याच्या मुलीच्या सासरी कुठलाही कागद पोचला नाही, सगाई ठरल्या दिवशी पार पडली. पण बातमी फुटलीच. मोहल्ल्यातले काही जण हॉल बंद करा म्हणून अर्ज घेऊन माझ्याकडे आले. मी तो वाचला आणि म्हणालो, कोणत्या कलमाखाली बंद करू ते खाली लिहून द्या. ते परत आले नाहीत.

बातमी फुटल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मी गणवेश चढवून हॉलवर गेलो. बंदोबस्त दिसला म्हणजे लोकांना धीर येईल, असा माझा समज. मामांनी सतरंजी घातली होती, चहा चढवला होता. तीन वाजले, ढोल वाजून झाले. साडेतीन झाले. कोणी येईना. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो.

मामा जवळ येऊन हळूच म्हणाले, "साहेब, राग मानू नये. आपण इथून उठावे. आपण बसलात तर कोणी येणार नाही."

मी उठलो. जिना उतरताना कान तापले होते, हे कबूल करतो.

दिवेलागणीला राहवेना, म्हणून फोन केला. "मामा, आले का कोणी?"

"आले."

"सतवासवाला आला?"

मामा म्हणाले, "माफी असावी साहेब. हॉलात कोण आलं नि कोण नाही, हे मी सांगत नसतो."

"अहो, मला सांगायला काय हरकत आहे? मी परका आहे का?"

"आपणासही नाही."

क्षणभर राग आला. याच माणसासाठी मी स्वतःच्या हवालदाराला आत घातले होते. मग फोन तसाच कानाला धरून मी विचार केला. माझ्या ठाण्याला कुलूप होते, पहारा होता, शिक्के होते, आणि हॉलातल्या माणसांची नावे मला दीड वर्षही सांभाळता आली नव्हती. या माणसाने ती तीस वर्षे सांभाळली होती, कुठेही लिहून न ठेवता.

नोकरीभर मी लोकांकडून उत्तरे काढत आलो. उत्तर न मिळाल्याचा आनंद मला एकदाच झाला, तो त्या रविवारी.