साडेपस्तीसचा पिवळा फिल्टर

जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या असतात, गोल आणि निरुपयोगी, अशी माझ्या सासऱ्यांची पक्की समजूत आहे. भुकूमचं शेत बिल्डरला दिल्यावर लोक मोठी गाडी घेतात, चारधाम करतात. सासऱ्यांनी रोलवर चालणारे जुने कॅमेरे जमवले. प्रत्येकाच्या लेन्सच्या तोंडाचं माप निराळं, आणि त्यावर बसणारे रंगीत काचेचे फिल्टर बनायचे केव्हाच बंद झालेले. साहजिकच सासऱ्यांचा सगळा वेळ आणि माझे सगळे रविवार त्या मापांमागे जाऊ लागले.

खिशात कायम माप घ्यायचा व्हर्निअर. लोणच्याच्या बरणीचं झाकण, सासूबाईंच्या बांगड्या, काही म्हणून सुटलं नाही. एकदा जेवून डुलकी घेत होतो, तर माझ्या नाकावरचा चष्मा अलगद उचलला गेला. "झोपा तुमी, जावईबापू," ते म्हणाले, "नुस्तं माप घेतुया." नात झाली तेव्हा दवाखान्यात सगळे बाळाचं नाक कुणावर गेलंय ते बघत होते, आणि आजोबा दुधाच्या बाटलीचं कडं लेन्सवर बसतंय का ते.

या सगळ्यात साडेपस्तीस मिलिमीटरच्या पिवळ्या फिल्टरनं माझा जीव खाल्ला. गच्चीवरून समोर डोंगर दिसतो, त्याच्या पलीकडे सासूबाईंचं माहेर. रोज कपडे वाळत घालताना त्या घटकाभर तिकडे बघत उभ्या राहतात. मधल्या शेतात, म्हणजे सासऱ्यांनीच दिलेल्या जमिनीवर, इमारत उठायला लागली होती. डोंगर झाकायच्या आत त्याच्यासमोर सासूबाईंचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो सासऱ्यांना काढायचा होता.

"मग बिनफिल्टरचा काढा," मी वैतागून म्हणालो.

"आभाळ पांढरं फटक येतं. ढगच दिसत न्हाईत त्यो कसला मावळ?"

पुण्यातले दुकानदार माप ऐकूनच हसले. पौडच्या लेथवर रिंग करून घेतली, तिचे आटे बसेनात. इकडे स्लॅबवर स्लॅब पडत होते. मी बोट दाखवलं की सासरे तिकडे पाठ करून म्हणायचे, "घावंल की."

घावला. कलकत्त्याच्या कुणा म्हाताऱ्यानं कुरियरनं पाठवला आणि लेन्सवर लोण्यासारखा फिरला. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून गच्चीवर उभ्या राहिल्या. तोवर डोंगराची वरची कडच तेवढी उरली होती. सासऱ्यांनी बराच वेळ कॅमेऱ्यातून डोळा काढला नाही, मग बटण दाबलं.

फोटोत आभाळ गडद आलं, ढग पिंजलेल्या कापसासारखे. खाली सासूबाई, त्यांच्यामागं बांबूंच्या परांचीत ती इमारत, आणि तिच्यावर डोंगराची एक रेघ.

"ढग झ्याक आल्यात," सासूबाई म्हणाल्या.

"उशीर झाला गं," सासरे म्हणाले.

मला राहवेना. म्हणालो, "आई, उद्या गाडी काढतो. तुमच्या माहेरी जाऊ, डोंगराचा फोटो तिथूनच घेऊ."

त्यांनी पदरानं फोटोवरची धूळ पुसली.

"तितनं त्यो असा न्हाई दिसत, जावईबापू. असा हितनंच दिसायचा."