माळ परत द्यायला वासुलीपर्यंत

मार्गशीर्षात रविवारच्या सुट्टीला दोन दिवसांची रजा जोडून मी चिंचवडहून निघालो, तो जपाची माळ परत करायला. धोंडीबुवा पूर्वी आमच्या गावी, सातारा जिल्ह्यात, भजनाच्या सप्ताहाला यायचे. तेव्हा त्यांनी ती माझ्या हातात दिली होती. आमच्याकडे रीत अशी की नेम चालत नसेल तर माळ खुंटीला लोंबत ठेवू नये, ज्यानं दिली त्याच्या हातात नेऊन द्यावी. माझा नेम साधा. पहाटे घोंगडीवर बसायचं आणि देवाचं ध्यान करत एक माळ ओढायची. गावी तो सहज चालला. पिंपरीला नव्या कारखान्याच्या बांधकामावर गोदाम सांभाळायला लागल्यापासून तो रखडायला लागला, आणि या पावसाळ्यात बंदच पडला.

"द्यायचीच असली तर देऊन या," बायको दशम्या बांधताना म्हणाली, "पण रोज पहाटे तिच्याकडं बघत उसासे टाकू नका."

चिंचवडहून आळंदीला पायी जायचं असेल तर भोसरीवरून जावं. वाट सपाट आहे, दोन्ही बाजूंना ज्वारी, मधेच हरभरा. पहाटे निघालात तर उन्हं तापायच्या आत निम्मी वाट सरते. पाणी मात्र बरोबर ठेवा, विहिरी आहेत पण वाटेपासून आत. भोसरीच्या अलीकडे एका शेताच्या बांधावर मोजणीच्या खुंट्या ठोकलेल्या दिसल्या. शेतकरी तिथंच विडी ओढत बसला होता.

"कंपनीचं सायेब का?" त्यानं माझ्या कोटाकडे बघून विचारलं.

"साहेब कुठला! गोदामावर असतो."

"मग सांगा की राव, आमच्या वावरात पुढं काय उगवणार हाय?"

"मला नाही ठाऊक."

"तुमाला न्हाई, आमाला न्हाई. खुंटीलाच इचारावं म्हंतो आता." तो हसला आणि त्यानं झाडाचे दोन पेरू माझ्या पिशवीत टाकले. त्याच्या हसण्यात काळजी होती. ती मला पुढं बराच वेळ पुरली.

आळंदीत यात्रा नुकतीच आटोपली होती, त्यामुळे धर्मशाळेत जागा मिळाली. अंथरूण आपलं आपण न्यावं. खानावळीत थोडक्या आण्यांत पिठलं-भाकरी पोटभर मिळते, ठेचा मागावा लागतो. संध्याकाळी इंद्रायणीच्या घाटावर बसलो. पलीकडे विद्यार्थी पाठांतर करत होते. म्हटलं, परत करायच्या आधी एकदा तरी माळ पुरी करावी.

डोळे मिटले, सुरुवात केली. थोडे मणी सरले आणि मन गोदामात गेलं. सिमेंटच्या पोत्यांवर ताडपत्री घातली का? लक्षात आलं तसा मी मेरूमण्याशी परत आलो आणि पहिल्यापासून धरलं. मन दुसरीकडे असताना ओढलेले मणी मोजून पुढं कसं जायचं? पुन्हा काही मणी, पुन्हा ताडपत्री, पुन्हा मेरू. अंधार पडेपर्यंत माळेचा पहिला पाव भागच मी झिजवत होतो. मग ती पिशवीत घातली. देऊन टाकायची, हे नक्की झालं.

सकाळी चाकणच्या बाजाराला जाणारी कांद्याची गाडी भेटली. गाडीवान म्हणाला, "बसा, पर वास सोसावा लागंल." एसटीही आहे, पण गाडी भरल्यावरच माणूस आत घेतात की काय असं वाटावं इतकी गर्दी. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग माणसापेक्षा उंच लागतात. तिथं गरम भजी खाऊन, वाट विचारत मी भामचंद्राच्या डोंगराकडे चालू लागलो. दोन-अडीच कोस आहेत, रस्ता बैलगाडीचा. डोंगर समोर ठेवावा म्हणजे चुकत नाही.

धोंडीबुवांचं घर वासुलीत, डोंगराच्या पायथ्याशी. वय सत्तरीच्या पुढं. मला ओळखायला त्यांना वेळ लागला.

"इष्णू का रं? किती वाळलास!"

मी ओसरीतच माळ पुढं केली. "बुवा, नेम चालत नाही. परत घ्या."

त्यांनी ती घेतली, कोनाड्यात ठेवली आणि म्हणाले, "सकाळी बघू. आदी पाय धू." एवढंच. कारण विचारलं नाही, समजूत घातली नाही. मला थोडं लागलं. जेवायला त्यांच्या बायकोनं, सोनाईंनी, बाजरीची भाकरी आणि हुलग्याच्या पिठाचं गरम, पातळ माडगं वाढलं. थंडीत या बाजूला आलात आणि कुणी माडगं देऊ केलं, तर नको म्हणू नका.

पहाटे बुवा आपली माळ घेऊन ओसरीत बसले. कोनाड्यातली माळ माझ्याकडे टाकून म्हणाले, "द्यायची तर दे, पर आज बस." मी बसलो आणि परवा घाटावर झालं तेच सुरू झालं. मेरू, ताडपत्री, मेरू. तेवढ्यात शेजारून घोरणं ऐकू आलं. बघतो तर बुवांची मान छातीवर.

चुलीपासून सोनाई ओरडल्या, "अवं, देव जागा झाला आन् तुमी झोपलाव!"

बुवांनी डोळे उघडले. "व्हय, झोपलो हुतो," म्हणाले आणि बोटात होता त्याच्या पुढचा मणी ओढला. ना लाज, ना हळहळ. थोड्या वेळानं पुन्हा मान पडली, पुन्हा सावरली, पुन्हा पुढचा मणी. उजाडेपर्यंत त्यांची माळ पुरी झाली.

"तुजी?" त्यांनी विचारलं.

मी माझी पद्धत सांगितली. मन गेलं की मेरूपासून.

बुवा बघतच राहिले. "असं कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. मीच ठरवलं."

सोनाईंना हसू आवरेना. "म्हंजी चिंचवडास्नं निघायचं, भोसरीला ठेच लागली की परत चिंचवड! अशानं तू हितं आलास तरी कसा रं?"

"मन गेलं हे ज्या मण्यावर कळलं," बुवा म्हणाले, "त्येच्या फुडचा धर. मागं काय हाय तुजं?" मग माळेकडे बोट दाखवलं. "बोल, ठेवू का कोनाड्यात?"

मी माळ गळ्यात घातली. सोनाईंनी पुन्हा हसत चहा पुढं केला.

नंतर डोंगर चढून आलो. चढ दमवतो. वरच्या कातळात गुहा आहेत, आत गार आणि शांत. तिथं कुणालाही बसावंसं वाटेल. मी थोडाच वेळ बसलो. मला बसायचं होतं ते चिंचवडच्या खोलीत, जिथं शेजारचा पंप वाजतो. परतीला चाकणहून एसटीनं नाशिक फाट्याला उतरलो आणि पुढं पिंपरीवरून पायी घरी.

आता रोज बसतो. गावच्यासारखं मन लागतं असं म्हणणार नाही. ताडपत्री, पगाराची रांग, पोरीचं लग्न, सगळं येऊन जातं. ध्यान लागत नाही म्हणून उठून जाणाऱ्यांची मला आता फार कणव येते. मीही तसाच उठलो होतो.

परवा माळ ठेवताना बायकोनं विचारलं, "आज लागलं का मन?"

"मधनंमधनं," मी म्हटलं.

"आणि बाकीच्या वेळी?"

"बाकीच्या वेळी नुसताच बसलो होतो."