शेवटच्या बाईसाठी थांबणं

पोरांनो, तुमच्या पणजीबद्दल लिही म्हणून तुम्ही दोघं फोनवर माझ्या मागं लागला आहात. लिहिते. पण गोड आठवणींची अपेक्षा ठेवू नका. मी चिडलेली आहे, आणि चीड उतरायची वाट बघत बसले तर हे लिहिणं व्हायचंच नाही. सांगते ते क्रमानं सांगते.

माझ्या आईला आम्ही माय म्हणायचो. जळगाव जामोदकडच्या आपल्या गावात ती लग्न होऊन आली, तेव्हा सोबत एक जुनी पेटी होती. पेटी म्हणजे हार्मोनियम. तिचे वडील जलशात वाजवायचे, त्यांनीच तिला शिकवलं होतं. दिवसभर कपाशीत निंदण, घरी आल्यावर आम्हा भावंडांच्या भाकरी, आणि हात धुऊन झाले की पेटी. मला नागपूरला इंग्रजी शिकायला पाठवलं तेही तिनंच, सगळ्या भावकीशी भांडून. एरवी कोणाला उलटून बोलणारी ती नव्हती.

गावात विहार बांधायचं ठरलं तेव्हा बायकांनी डोक्यावर विटा वाहिल्या. त्यात माय होती. विहार झाल्यावर रोज संध्याकाळी त्रिशरण-पंचशील सांगायचं काम तिच्याकडं आलं. शब्द पालीतले, आणि बहुतेक बायकांना अक्षरओळख नव्हती. म्हणून मायनं स्वतःची एक रीत बसवली. पेटीवर सूर धरायचा, एक ओळ म्हणायची, आणि थांबायचं. बायका ती ओळ म्हणायच्या. पुढच्या रांगेचं झालं तरी माय पुढं जायची नाही. मागं भिंतीला टेकलेल्या शेवटच्या बाईच्या तोंडून ओळ पुरी झाली की मगच पुढची. आम्ही मुलं कंटाळायचो, तर ती म्हणायची, "मांगच्या बाईचं होऊ दे. ते काय शील घ्याले नाई आली का?"

अशी कित्येक वर्षं गेली. गावातली निम्मी माणसं त्या रीतीनं पंचशील शिकली. विहार समितीचा आताचा सचिवही तसाच शिकला. लहानपणी त्याची जीभ अडायची, शब्द निघता निघत नसे. माय त्याच्यासाठी सूर धरून बसायची. पुढं मी गावच्या शाळेत शिकवायला लागले आणि तो माझ्या वर्गात आला, तेव्हा तो घडाघडा बोलत होता.

याच सचिवानं विहारात स्पीकर आणला. मोबाईलवर कुठल्याशा शहरातल्या गायकाची वंदना लावायची, सोबत सगळ्यांनी म्हणायची. चाल चांगली होती, आवाजही चांगला होता, ते मी नाकारत नाही. पण तो आवाज कोणासाठी थांबत नव्हता. समितीनं मायला सांगितलं की आजी, तुमचं वय झालं, आता आराम करा. तिची पेटी उचलून सतरंज्यांच्या खोलीत ठेवली. तिला विचारलं नाही.

वैशाख पौर्णिमेला विहारासमोर मांडव घातला होता, संग्रामपूरकडून पाहुणे आले होते. सगळे हात जोडून उभे राहिले आणि स्पीकर सुरू झाला. माय बायकांत उभी होती. तिनं स्पीकरशी भांडण काढलं नाही. नेहमीप्रमाणे पहिली ओळ म्हणाली आणि थांबली. तिच्या मागून बायका म्हणू लागल्या. स्पीकर पाचही शीलं संपवून गप्प झाला, तेव्हा बायका दुसऱ्या शीलावर होत्या. सचिवानं माईक हातात घेतला, पण बोलणार काय? वंदना चालू असताना कोणी बसत नाही, कोणी बोलत नाही. शेवटचं साधु, साधु, साधु होईपर्यंत पाहुण्यांसकट सगळा मांडव उभा होता.

संध्याकाळी तो घरी आला. पाहुण्यांसमोर लाज गेली म्हणाला. कार्यक्रमाला वेळेचं बंधन असतं, हेही त्यानं मायला समजावलं. मायनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काऊन रे बाप्पा, शीलालेबी घाई असते का?"

उत्तर समितीनं दिलं. बायकांनी त्यांची वंदना दुपारी चार वाजता करावी, सहाला स्पीकर. चार वाजता! वैशाखातल्या उन्हात, आणि बायका शेतात असताना. मायनं सहाची वेळ आणि आपली पेटी परत मागितली. ते मागणं घेऊन मी समितीकडं गेले, तर सचिव झालेला हाच मुलगा मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही तरी समजून घ्या." शिकले म्हणूनच समजलं. बाहेर काढायचं, पण काढलं असं म्हणायचं नाही, म्हणून चार वाजताची वेळ दिली होती. माय काही दिवस डोक्यावर ओला पदर घेऊन गेली. रिकाम्या विहारात एकटी म्हणून परत यायची. मग जाणं थांबलं. पेटी मी सतरंज्यांतून काढून घरी आणली, पण तिनं ती उघडली नाही.

गेल्या हिवाळ्यात माय गेली. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला तुमच्या मामाआजोबांनी घरासमोर मांडव घातला, आणि त्यात तोच स्पीकर. मी म्हटलं, नाही. आजची वंदना मी सांगणार. सचिव म्हणाला की पंचायत समितीचे सभापती यायचे आहेत. मी म्हटलं, येऊ देत, तेही उभे राहतील. मी पहिली ओळ म्हटली आणि थांबले. माझा आवाज मायसारखा नाही, पेटी मला येत नाही. पण मागं घराच्या भिंतीशी एक म्हातारी अडखळत होती, आणि तिचं होईपर्यंत मी पुढं गेले नाही. सभापती घड्याळ बघत उभे होते.

नंतर सचिवानं भाषण केलं. ही माउली सगळ्यांसाठी झिजली, स्वतःसाठी तिनं कधी काही मागितलं नाही, म्हणाला. लोकांनी माना हलवल्या. दुःखाच्या मांडवात तंटा नको म्हणून मी गप्प बसले. तुम्हाला मात्र सांगते, तिनं मागितलं होतं. संध्याकाळची सहाची वेळ आणि तिची पेटी, एवढंच. ते तिला कोणी दिलं नाही हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

परवा चार बायका घरी आल्या. मॅडम, तुम्ही सांगान तं आम्ही सहाले येतो, म्हणाल्या. मी सचिवाला निरोप पाठवला आहे. परवानगी मागितलेली नाही, फक्त कळवलं आहे, की उद्यापासून सहाला स्पीकर बंद ठेवावा. नाही ठेवला, तर वायर कुठं जोडलेली आहे ते मी बघून ठेवलं आहे.