मिठाच्या पाण्यावर आलेली अंडी

बायजाला चप्पल कधी मानवली नाही. मिठागरात बापाच्या मागे फावडं ओढत ती मोठी झाली, लग्न होऊन वसईच्या खाडीकडच्या गावात सासरच्या वाडीत आली, आणि साठी उलटली तरी वांग्यांच्या वाफ्यांत अनवाणीच फिरायची. कुठे पाणी मुरलंय, कुठे तुंबलंय, ते तिला आधी पायाला कळायचं.

तिच्या मागे मागे एक कुत्रा असायचा. बाजारातून येताना सापडलेलं ते पिल्लू इतकं वाळकं होतं की तिने त्याला बोंबील म्हणायला सुरुवात केली. पुढे मासळीची डोकी आणि भात खाऊन बोंबील चांगला गुबगुबीत झाला, पण नाव तेच राहिलं.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता बायजाच्या उजव्या पावलावर एक लाल रेघ उठली. दोऱ्यासारखी बारीक, नागमोडी. नवल म्हणजे ती एका जागी राहीना. आज टाचेपाशी, तर दोन-तीन दिवसांनी पावलाच्या मध्यावर. खाज अशी सुटायची की बायजा भाजी निवडता निवडता पाय ओट्याच्या कडेला घासत बसायची. तिने चुना लावला, कडुनिंबाचा पाला वाटून बांधला. रेघ आपली चालतच होती. तिने घरात कोणाला सांगितलं नाही. वाडीत राबणाऱ्याच्या पायाला काहीबाही होतंच, असं तिचं म्हणणं.

त्याच सुमारास नात रांगायला लागली आणि घर पुरेनासं होऊन अंगणात उतरली. सून संजना एका सकाळी म्हणाली, "आई, बोंबीलची शी तपासून घ्यायला हवी. त्या जनावरांच्या दवाखान्यातल्या रोवेना डॉक्टर सांगत होत्या, घरात लहान मूल असेल तर नक्की."

"कोणाची?" बायजाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"बोंबीलची."

"तो काय आजारी हाय? बघ कसा लोळतोय!"

पण संजनाला नोकरीवर जायचं होतं, आणि सांगितलेलं काम टाळणं बायजाच्या स्वभावात नव्हतं. तिने एका जुन्या डबीत ते भरलं, वर केळीच्या पानाचा तुकडा गुंडाळला, आणि कोणी विचारू नये म्हणून डबी पदराखाली धरून दवाखान्यात गेली.

डॉ. रोवेना जवळच्याच सांडोर गावची, वयाने संजनाएवढीच. तिने डबी उघडली आणि नाक न मुरडता म्हणाली, "ताजं आणलंत मावशी, छान केलंत."

बायजाला हसू आलं. असल्या गोष्टीसाठी आजवर तिला कोणी शाबासकी दिली नव्हती.

डॉक्टरने त्यातलं थोडं एका पेल्यात कालवलं, गाळलं, छोट्या नळीत काठोकाठ भरलं आणि वर काचेचा पातळ तुकडा टेकवून ठेवला.

"ह्या पेल्यात काय हाय?" बायजाने विचारलं.

"मिठाचं पाणी. आणखी मीठ विरघळणार नाही इतकं खारं. जंतांची अंडी त्यात बुडत नाहीत, तरंगत वर येतात आणि ह्या काचेला चिकटतात. बाकीचा गाळ खाली बसतो."

बायजा नळीकडे बघत राहिली. असल्याच पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभं राहून तिचं सगळं लहानपण गेलं होतं. मीठ मासळीला लागतं, लोणच्याला लागतं. पण ते असलं काही शोधून वर आणत असेल, हे तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

थोड्या वेळाने डॉक्टरने ती काच मायक्रोस्कोपखाली सरकवली, बराच वेळ पाहिलं आणि खुर्ची सोडली. "या, बघा."

बायजाने डोळा लावला. "मना नुसते केस दिसतान."

"त्या तुमच्या पापण्या आहेत. डोळा जरा मागे घ्या. घाई करू नका."

पापण्या विरल्या. उजेडाचा एक गोल उघडला, आणि त्या गोलात अंडं होतं. लांबट, काचेसारखं, इतक्या पातळ कवचाचं की आतलं सगळं दिसत होतं. आत इवल्या इवल्या गोळ्या एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. शेजारी दुसरं. पलीकडे आणखी.

डोळा न काढता बायजा म्हणाली, "हे जितं हाय?"

"हो. एका गोळीच्या दोन होतात, दोनाच्या चार. मग त्यातून जंत तयार होतो. तो ओल्या मातीत बाहेर पडतो आणि वाट बघतो. कुत्र्याच्या पायातून आत शिरतो, आतड्याला गळ लागावा तसा चिकटतो आणि रक्त पितो."

"पन बोंबील तर धडधाकट हाय."

"म्हणून तर अधूनमधून तपासायचं, मावशी. मोठा कुत्रा निभावून नेतो, वरून काही दिसत नाही. अंडी मात्र अंगणभर पडत राहतात."

बायजा नकळत पाय घासत होती. डॉक्टरचं लक्ष खाली गेलं. ती गुडघे टेकून जमिनीवर बसली आणि तिने ते पाऊल हातात घेतलं. रेघ आता अंगठ्याकडे वळली होती.

"ही सरकते का?"

बायजाने मान डोलावली.

"मला वाटतं, हा त्यातलाच एक जंत आहे. माणसाच्या कातडीत शिरला, पण खोल जायची वाट त्याला सापडत नाही. म्हणून वरच्यावर फिरतोय. मी जनावरांची डॉक्टर, ह्याचं औषध मी देणार नाही. आजच कातडीच्या डॉक्टरकडे जा. बरं होईल."

बायजा पावलाकडे पाहू लागली. किळस यायला हवी होती, ती आली नाही. डोळ्याला न दिसणारा जीव कुत्र्याच्या शोधात निघाला, चुकून आपल्यात शिरला आणि इतके दिवस अंधारात वाट शोधत होता. आणि आपण वरून चुना लावत होतो!

कातडीच्या डॉक्टरांनीही तेच निदान केलं. गोळ्या घेतल्यावर रेघ थांबली आणि हळूहळू पुसली गेली. बोंबीललाही औषध मिळालं. बायजाने रबरी चपला आणल्या, कुरकुरत का होईना, पायांत घातल्या. अंगणातली घाण ती रोजच्या रोज उचलू लागली. पुढच्या तपासणीला ती पुन्हा स्वतःच गेली. ह्या वेळी उजेडाच्या गोलात हवेचे बुडबुडे आणि गवताचे तंतू तेवढे होते. "नाय दिसत," ती म्हणाली, आणि आणखी बराच वेळ बघतच राहिली.

निघताना तिने सहज सांगितलं, "आमच्या केळींत एक कुत्री व्याली हाय. पिलं नुसती दुधावर हायत, त्यांना काय व्हनार?"

"त्यांनाच आधी औषध हवं," डॉ. रोवेना म्हणाली. "हे जंत आईच्या मांसात निजून राहतात. महिनेच्या महिने. ती गाभण राहिली, व्याली, की जागे होतात आणि दुधातून पिलांत उतरतात."

"त्यांना कसं कलतं गो, की पिलं झालीत?"

डॉक्टर हसली. "अंगातल्या बदलांवरून कळत असावं म्हणतात. पण खरं सांगू? मलाही ह्याचं अजून नवल वाटतं."

दुसऱ्या दिवशी दोघी केळींत वाकून बसल्या. बायजाने कुत्रीपुढे भाताची थाळी सरकवली आणि तिचं पोट कुरवाळत एकेक पिल्लू डॉक्टरच्या हातात दिलं. गुलाबी तोंडात औषधाचे थेंब पडले. एकाने ते फूऽऽ करून उडवले, त्याला पुन्हा पाजावे लागले. शेवटचं पिल्लू बायजाने जरा जास्त वेळ तळहातावर ठेवलं. त्याचे डोळे नुकते उघडले होते, ऊबदार पोट वरखाली होत होतं. मग तिने ते अलगद आईच्या कुशीत सरकवलं, आणि ते लगेच दूध शोधू लागलं.