सगळ्यांची सॅक

सॅक घेताना दुकानदाराने माझी पाठ टेपने मोजली, आत वजनं भरून मला दुकानभर चालवलं आणि बजावलं, "भार कमरेच्या पट्ट्यावर यायला हवा, खांद्यांवर नाही." कुणाकुणाचा भार, ते मात्र त्याने विचारलं नाही!

मास्ट्रिख्ट या डच शहराजवळच्या टेकड्यांवर निघालो, तेव्हा आमच्या मराठी मंडळींनी पार्किंगमध्येच "तुझी सॅक मोठी आहे ना" म्हणत चिवड्याचे डबे, थर्मास, रेनकोट, सगळं माझ्या पाठीवर लादलं. चढावर मला धाप लागली, तर हात हलवत चाललेला एक मित्र म्हणतो कसा, "जरा व्यायाम करत जा."

माझं डोकंच फिरलं. तिथल्या तिथे गवतावर सॅक उलटी केली. त्या ढिगाऱ्यात माझी एकच वस्तू होती, पाण्याची बाटली. तीही कुणीतरी पिऊन संपवली होती.